दोन नारळांची चोरओटी

आमच्या सासरी कुठलीच वस्तू जागेवर सापडायची नाही. काडेपेटी हवी असेल तेव्हा ती गोठ्यात, विळी हवी असेल तेव्हा ती शेजारच्या घरी. बातमी मात्र त्या घरात अशी लपायची की पोलीस आले तरी हात हलवत परत जातील. माझी सासू यात तरबेज. तिला मी आत्या म्हणत असे, त्या बाजूला तशीच पद्धत. गाय व्यायला आली तरी आत्या कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "कुठं गो, वारा धरलाय तिच्या पोटात."

माझं माहेर भातसानगरचं. वडील धरणावर नोकरीला, त्यामुळे मी वाढले सरकारी वसाहतीत. तिथे एका क्वार्टरमध्ये बोंबील भाजले तर सगळ्या ओळीला कळायचं आणि कुणाकडे पाहुणे येणार हे त्यांच्याआधी शेजाऱ्यांना ठाऊक असायचं. लग्न होऊन मी आले ती मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला, वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. नव्वदचं दशक मध्यावर आलं होतं. घरात माणसं तीनच. आत्या, माझा नवरा आणि मी. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले होते. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला, आणि शिफ्टमधून सुटला की शेतात.

लग्नाला काही वर्षं झाली तरी मला दिवस राहिले नव्हते. अंगणापलीकडे नवऱ्याची चुलती राहायची. काकी म्हणायचो आम्ही तिला. काकीच्या जिभेला हाड नव्हतं. येता-जाता विचारायची, "काय गो, आवंदा तरी पाळना हालंल का?" आत्या माझ्या देखत तिला काही बोलायची नाही, पण रात्रीचं जेवण त्या दिवशी आदळआपट करूनच वाढलं जायचं. म्हणून गौरी-गणपतीनंतर माझी पाळी चुकली तेव्हा आत्याने पहिली गोष्ट काय केली, तर मला आत ओढून माझ्या तोंडावर हात ठेवला. "कुनाला बोलायचं नाय. तिसरा सरूं दे. काकीला तर आजाबात नाय."

आता लपवायचं म्हटलं तरी मी लपणार कशी? उलट्या म्हणजे उलट्या! सकाळी, दुपारी, भात शिजायला लागला की त्याच्या वासाने, आणि काहीच शिजत नसलं तर नुसत्या आठवणीने. पाणीसुद्धा टिकेना. गोठ्यामागे जाऊन मी ओकायची आणि आत्या तिकडून बादली आपटत मोठमोठ्याने गाईला शिव्या द्यायची, का, तर माझा आवाज काकीच्या कानावर जाऊ नये. बिचारी गाय फुकट बोलणी खायची. काकीने विचारलं की आत्याची उत्तरं तयार असत. एकदा ऊन लागलं, एकदा पित्त झालं, एकदा तर माहेरचं पाणी बाधलं. माझं माहेर म्हणजे भातसा धरण, ज्याचं पाणी अख्खी मुंबई पिते. ते मला एकटीलाच बाधलं होतं.

उलट्यांनी मी इतकी खंगले की शेवटी नवऱ्याने मला मुरबाडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट तपासलं, भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, महिन्यांच्या मानाने पोट मोठं लागतंय, कल्याणला जाऊन सोनोग्राफी करून या. आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. मला तर ढगाळलेल्या आभाळापलीकडे काही दिसलं नाही, पण त्यांनी बोट ठेवून दाखवलं. इथे एक ठोका, इथे दुसरा. दोन्ही चालू होते. एकमेकांशी न जुळता, आपापल्या चालीने.  एस.टी. स्टँडवर नवऱ्याने माझ्यासाठी शहाळं घेतलं आणि थोड्या वेळाने जाऊन आणखी एक घेऊन आला.

परतताना रिपोर्ट दाखवला तेव्हा मुरबाडच्या बाईंनी मला समोर बसवून बजावलं. जुळं म्हणजे जोखीम. पहिले महिने जपायचे. जड उचलायचं नाही, आराम करायचा, आणि थोडं जरी रक्त दिसलं तरी त्याच दिवशी यायचं. त्याच दिवशी, हे त्या दोनदा म्हणाल्या. घरी येऊन मी ते आत्याला जसंच्या तसं सांगितलं. आत्याने सगळं ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "येताना जीपीत गावातलं कोन होतं का?"

तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. पाचव्या-सातव्याची ओटी चारचौघींत असते, ही मात्र चोरून, सासू आणि सून, दोघींचीच. दिवाळी होऊन गेली होती. भर दुपारी आत्याने पुढचं दार लावलं, मागचं लावलं, मला पाटावर बसवलं, हिरवा खण दिला आणि पदरात तांदूळ घातले. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. मग नारळ ठेवला. आणि मग धोतराच्या फडक्यातून दुसरा नारळ काढून तोही ठेवला. ओटीत दोन नारळ मी कधी पाहिले नव्हते.

मी विचारलं, "दोन कशाला?"

"मग? दोघांना एक दिला तर भांडतील नाय का?"

मला इतकं हसू आलं की ओटीतले तांदूळ सांडले. आत्याही हसली. तिला मी तशी हसताना फार कमी वेळा पाहिलंय. तेवढ्यात काकीने दार वाजवलं. भरदुपारी दार का लावलं म्हणून. आत्याने दोन्ही नारळ उचलून भाताच्या कणगीत खुपसले, वरून भात सारला आणि दार उघडून म्हणाली, "साप आला व्हता." पुढचा तासभर काकी काठी घेऊन आमच्या घरात साप शोधत होती. त्या दुपारी मी फार सुखात होते. पुढचं सगळं सांगायचं म्हणून हेही सांगून ठेवते.

मग झोडणी आली. भात कापून, वाळवून, भारे खळ्यावर आले की एकमेकींच्या खळ्यावर मदतीला जायची रीत. आमच्या खळ्यावर त्या दिवशी काकी होती आणि गावातल्या आणखी काही बाया. मला आत्याने सुपाने पाखडायला बसवलं होतं. माझ्या कंबरेत उसण भरलीय असं सगळ्यांना सांगून झालं होतं. मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि काकी मागून ओरडली, "अगो, कावळा शिवला तुला. साडीला लागलाय बघ."

मी मागे हात लावला. बोटं लाल झाली.

सगळ्या बाया थांबल्या. थांबल्या म्हणजे काय, त्यांच्या दृष्टीने त्यात विशेष काहीच नव्हतं. बाई बाहेरची झाली, बाजूला बसेल, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात येईल. गावात दर महिन्याला प्रत्येक घरी हेच व्हायचं. मी मात्र आत्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. आणि मग तो पुन्हा जागच्या जागी आलेलाही पाहिला. ती म्हणाली, "मग उभी काय ऱ्हायलीस? जा, पडवीत बस बाजूला."

मला वाटलं, ती मागोमाग येईल आणि म्हणेल, चल, निघू. ती आली. गोणपाट, तांब्या आणि वेगळी ताटली घेऊन आली, सगळं लांबून ठेवलं आणि खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "गप पडून ऱ्हा. डाक्तरीन काय बोलली? आराम कर बोलली ना? झोडनीच्या दिसांत सुनेला आराम दुसरा कोन देतो? आता चार दिस तुला कुनी काम सांगनार नाय, कुनी हात लावनार नाय, का झोपलीस म्हनून इचारनार पन नाय."

"आत्या, त्या म्हणाल्यात, रक्त दिसलं तर त्याच दिवशी या."

"आता उठून जीप बोलावली तर अख्खं गाव इचारंल. आन कुनाची कशी नजर... चौथ्या दिशी डोक्यावरून पानी घे, माहेराला चाललीस म्हनून सांगते, तशीच डाक्तरनीकडं जाऊ."

मला आत्याचा राग येतो तो याच गोष्टीचा. तिने दुष्टपणा केला असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण त्यात तिची माया होती, आणि तिची सगळी हुशारीही होती. सुनेला झोडणीत अंग टाकायला मिळावं म्हणून अख्ख्या पंचक्रोशीत एकच सबब चालते, आणि ती सबब आपोआप चालून आली होती. आत्याला वाटलं, लपवणंही झालं आणि जपणंही झालं. माझ्या पोटातलं रक्त तिने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लपवलं आणि कुणालाही संशय आला नाही.

मी पडवीत पडून राहिले. खळ्यावर भारे आपटत होते. नवरा शिफ्टवरून आला, उंबऱ्यापाशी उभा राहिला. त्यालाही जवळ येता येत नव्हतं. तो म्हणाला, "आये, जाऊया का डाक्टरकडे?" आत्या आतून म्हणाली, बायामाणसांच्या कामात तू पडू नको. तो तसाच उभा राहिला आणि मग हातपाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्राची सिस्टर फेरीला आली. चांगली बाई होती, घरोघर जायची, कुणाला किती महिने झाले ते तिला तोंडपाठ. मला पडवीत बसलेली बघून म्हणाली, "काय गं, या महिन्यालाही बसलीसच का? असू दे, पुढच्या महिन्यात बघू." मी तोंड उघडलं. मी म्हणाले, "सिस्टर, मला..." आणि आत्या चहाचा कप घेऊन दारात. "सिस्टर, चाय घ्या. इकडं ओटीवर या, तिच्याजवळ नका बसू, शिवाल." सिस्टर हसली, ओटीवर जाऊन बसली आणि दोघी कुणाच्या तरी बारशाबद्दल बोलू लागल्या. मी मोठ्याने हाक मारू शकले असते. पण खळ्यावरून सगळ्या बाया इकडेच बघत होत्या आणि आत्या माझ्याकडे बघत होती. सिस्टर चहा पिऊन निघून गेली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच कळा सुरू झाल्या. मी न्हाणीत गेले आणि भिंतीला धरून बसले. त्याचं वर्णन मी करणार नाही. मुठीत मावेल एवढं काहीतरी माझ्यातून गेलं आणि ते काय होतं हे मला लगेच कळलं. मी हाक मारली की नाही आठवत नाही, पण आत्या आली. दोन दिवस लांबून पाणी ओतणारी बाई, आली आणि तिने मला दोन्ही हातांनी धरलं. विटाळ, शिवाशिव, सगळं त्या न्हाणीच्या मोरीतून वाहून गेलं. मग तिने मला भिंतीशी टेकवलं, स्वतः उकिडवी बसली आणि त्या पाण्यात, त्या रक्तात हात घालून शोधू लागली. मला कळेना ती काय शोधतेय. बराच वेळ शोधलं तिने. मग वर बघून म्हणाली, "एकच हाय. एकच गेलाय. दुसरं हाय अजून आत." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर आनंद होता. असा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही, पाहायचाही नाही.

मी रडायला लागले. आत्याने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप. हळू. काकी उठली आसंल."

बस. तिथे माझं डोकं फिरलं. मी तिचा हात झटकला, तशीच ओल्या लाल साडीने न्हाणीबाहेर आले, अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि जेवढा आवाज होता तेवढा लावून ओरडले, "मला दिवस होते! जुळी होती मला! एक पडलं! ऐका सगळ्यांनी!"

काकी अंगण झाडत होती. तिच्या हातातला खराटा खाली पडला. मला वाटलं, आता ती बोलणार, ज्या बोलण्याला भिऊन आम्ही गाईला शिव्या घातल्या आणि घरात साप सोडले, ते बोलणार.  पण काकीने पदर खोचला आणि ती पळत सुटली. त्या वयाची बाई, गुडघे दुखतात म्हणून रोज रडणारी, पळत रस्त्यावर गेली आणि मुरबाडकडे जाणारी भरलेली जीप तिने आडवी उभी राहून थांबवली. माणसं खाली उतरवली. माझं डोकं मांडीवर घेऊन ती मुरबाडपर्यंत बडबडत होती. "मला सांगायचं नाय व्हय? माझ्यापासून लपवायचं? मी काय खानार व्हते तुझी पोरं? जीप मी त्याच दिशी आनली असती, मेले, त्याच दिशी आनली असती." आत्या बरोबर आली नाही. तिला परसात काम होतं. केळीच्या बुंध्याशी तिने खड्डा खणला आणि जे गेलं होतं ते ठेवलं. शेजारी कणगीतला एक नारळ ठेवला. "त्याचा त्याला दिला," एवढंच ती मला पुढे कधीतरी म्हणाली.

कल्याणच्या डॉक्टरांनी पुन्हा पडदा वळवला. एक ठोका चालू होता. दोघांच्या पिशव्या वेगळ्या, म्हणून हे राहिलं, असं ते म्हणाले. मी मुरबाडच्या बाईंना विचारलं, पहिल्याच दिवशी आले असते तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसला. "जुळ्यांत एखादं असं सुरुवातीलाच जातं. पुष्कळदा कळतही नाही. तुम्ही त्याच दिवशी आला असतात तर मला बघता आलं असतं. वाचलं असतंच असं नाही." त्या वाक्याचे दोन तुकडे करून मी वर्षानुवर्षं बसले आहे. ज्या दिवशी आत्याचा राग यायचा त्या दिवशी पहिला तुकडा काढायची, आणि तिची दया यायची तेव्हा दुसरा.

आता सगळं त्या उरलेल्या एकावर आलं होतं. मला भातसानगरला आईकडे नेलं. क्वार्टरमधल्या खाटेवर मी पडून असायची, पायाखाली उशा. इथे लपवायला काही नव्हतं. सगळ्या ओळीला ठाऊक होतं, आणि सगळी ओळ काही ना काही घेऊन यायची, पेज, मऊ भात, पेरू. उलट्या थांबल्या. पाचव्या महिन्यात एकदा दुपारी पोटात काहीतरी वळलं. आधी वाटलं आतडी. मग पुन्हा वळलं, मी आईला हाक मारली आणि दोघी खाटेवर बसून रडलो. त्या पोराने स्वतः सांगितलं होतं की मी आहे. त्यानंतर मी त्याच्याशी बोलायला लागले, अगदी वाट्टेल ते. आज भाजी खारट झालीय, धरणाचे दरवाजे कधी उघडतात, तुझा बाप किती घुमा आहे.

आत्या येत राहायची. एस.टी.ने सरळगाव, मग किन्हवलीवरून शहापूर, मग भातसानगर. दर वेळी डोक्यावर तांदळाचं गाठोडं. माझ्या पायांशी बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. ती माझे तळवे चोळत बसली. दुसऱ्यांदाही तसंच. नंतर नंतर ती माझ्याशी न बोलता पोटाशी बोलायची. "ऱ्हा गो बाय. ऱ्हा हां. तुझा नारळ कणगीतच ठेवलाय. कुनी हात नाय लावला." तिने पोरगीच धरली होती. मला ते ऐकून गप्प बसवेना. एकदा मी म्हणाले, "आत्या, या वेळी काही झालं तर मी आधी ओरडणार." आत्या म्हणाली, "ओरड. मी पन ओरडंन."

होळीला पोरं लाकडं गोळा करत फिरत होती तेव्हा अंथरूण ओलं झालं. सहावा सरत आला होता. या वेळी उशीर कुणीच केला नाही. वसाहतीतली गाडी होती, शहापूरच्या दवाखान्यात लगेच नेलं, सगळे धावले, सगळ्यांनी जे करायचं ते केलं. मुलगी झाली. ती रडली, मांजराच्या पिल्लासारखी, पण रडली. डॉक्टर म्हणाले, हिला काचेच्या पेटीत ठेवायला हवं, मुंबईला न्यावं लागेल, गाडीचं बघतो. गाडी दाराशी आलीही. तोवर मी तिला बघत होते. नखं होती. पापण्या होत्या. छातीवर कातडी इतकी पातळ की आतलं हलताना दिसत होतं. गाडीचं दार उघडलं आणि ते हलायचं थांबलं. मी काही ओरडले नाही. सगळ्यांना आधीच माहीत होतं, ओरडून सांगायचं कुणाला?

तिला शहापूरलाच पुरावं असं माझे वडील म्हणाले. आत्या म्हणाली, नाय, घरी न्यायचं, पहिल्याशेजारी. मी दवाखान्यात होते. तिला कसं नेलं ते मला नवऱ्याने खूप वर्षांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. जीपवाले मेलेलं पोर घेईनात. एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने नाही म्हटलं. मग आत्याने तिला स्वच्छ दुपट्यात गुंडाळलं, टोपडं घातलं, छातीशी धरलं आणि किन्हवलीच्या एस.टी.त चढली. गर्दी होती. कंडक्टरने एकाला उठवून तिला जागा दिली, लेकरू झोपलंय म्हणाला, बसा आजी. शेजारच्या बाईने विचारलं, मुलगा की मुलगी? आत्या म्हणाली, मुलगी. बाई म्हणाली, लक्ष्मी आली, तोंड तरी बघू द्या. आत्याने दुपट्याची कड ओढून घेतली आणि म्हणाली, "नजर लागंल." बाईने हसून लांबूनच तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, आणि शंभर वर्षांची हो म्हणाली. सरळगावपर्यंत आत्या तिला मांडीवर हलवत होती. नवरा मागे उभा होता, दांड्याला धरून.

दुसरा नारळ तिच्याशेजारी ठेवला. कणगीतून काढला तेव्हा तो आत सुकून खुळखुळत होता.

मी सासरी परत गेले तेव्हा आत्या थकल्यासारखी झाली होती. आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलायचो. मी तिला माफ केलं का? असं लोक विचारतात. मी तिच्या हातचं जेवत होते आणि ती माझ्या हातचं. कधी कधी ती केळीपाशी जाऊन उगाचच तण काढत बसायची, तण नसलं तरी. मी तिला तिथून हाक मारायची नाही. एकदा तिने मागे न वळता विचारलं, "मी नेली असती तर?" मी डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिला पुरं सांगितलं, दोन्ही तुकडे. तिने ऐकलं आणि माती सारखी करत राहिली.

दोन हजार साल उलटून गेल्यावर मला पुन्हा दिवस गेले. मी सकाळी आत्याला सांगितलं. तिने हातातली परात खाली ठेवली, पदर सारखा केला आणि सरळ हातपंपावर गेली. तिथे पाणी भरणाऱ्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या सुनेला दिस गेलेत. आजच कळलं. ध्यान ठेवा गो सगळ्यांनी तिच्यावर." मी दारात उभी राहून लाजेने मेले. त्यानंतर तिने सुटी घेतली नाही. पिठाच्या गिरणीत सांगितलं, सिस्टरला घरी जाऊन सांगितलं, वैशाखऱ्याच्या बाजारात सांगितलं, ओळखपाळख नसलेल्या एस.टी.च्या कंडक्टरला सांगितलं. जीपवाल्यांना तर तिने दमच भरला होता की आमच्या दारात कधीही हात केला तर थांबायचं. त्यातून झालेला मुलगा आज मला उलट उत्तरं देण्याइतका मोठा झालाय, म्हणजे सगळं नीट पार पडलं असं म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या महिन्यात आत्याने चोरओटी भरायला काढली. पण दार लावलं नाही. पाट अंगणात मांडला आणि सगळ्या आळीला बोलावलं. काकी सगळ्यांत पुढे. बाया हसत होत्या, चोरओटी म्हणायची आणि गाव जेवायला घालायचं, ही कुठली रीत. आत्या पदरात तांदूळ घालत होती. नारळ या वेळी एकच होता.

काकीकडे डोळखांबकडची कुणी पाहुणी आली होती. तिला आमचं काही माहीत नव्हतं. तिने कौतुकाने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आत्याला विचारलं, "पैलटकरीन हाय ना?"

 काकीने पाहुणीला कोपर मारलं. मी खाली ओटीतल्या नारळाकडे बघत राहिले. असं काही विचारलं की आत्या काय करते ते मला ठाऊक होतं, ती विषय बदलते, चहा आणते, साप आणते.

आत्याने मूठभर तांदूळ माझ्या पदरात सोडले आणि वर बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाय. हिचं हे तिसरं. पैली दोन तिकडं हायत, केळीखाली."